राघोत्तमरावांच्या नळ्या

१९५७ च्या ऑगस्टमध्ये मी मद्रासला आकडे वाचायच्या नोकरीला लागले. माझे यजमान रेल्वेच्या कचेरीत होते, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही मिरजेहून तिकडे गेलो. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पण गणित घेऊन बी.ए. झाले होते आणि अक्षर बरं होतं. चेपॉकजवळच्या एका कॉलेजात विश्वकिरण मोजायचं लहानसं केंद्र तेव्हा नुकतंच निघालं होतं. त्यांना 'कंप्युटर' हवा होता. त्या काळी कंप्युटर म्हणजे दिवसभर आकडेमोड करणारं माणूस, बहुतेक ठिकाणी बाईच.

गच्चीवर झावळ्यांनी शाकारलेली एक खोली होती. तिच्यात तीन 'दुर्बिणी' होत्या. नाव दुर्बीण, पण भिंग कुठेच नाही. पितळी नळ्यांच्या एकाखाली एक तीन ओळी आणि मध्ये शिशाच्या विटा, एवढंच. आकाशातून आलेला किरण तिन्ही ओळींतून आरपार गेला की यंत्रात एक ठोका पडायचा. एका दुर्बिणीत तासाला चोवीस हजारांच्या आसपास. एक कॅमेरा दर तासाला त्या आकड्याचा, घड्याळाचा आणि वायुभारमापकाचा फोटो घ्यायचा. फिल्म धुऊन आली की मी ती भिंगाखाली धरून आकडे उतरवायचे. हवा जड झाली की किरण थोडे कमी होतात, म्हणून प्रत्येक आकड्याला हवेच्या दाबाची दुरुस्ती करायची. दिवसाचे चोवीस तास, तीन दुर्बिणी, बहात्तर ओळी. रविवारच्या ओळी सोमवारी. असं मी नऊ वर्षं केलं.

नळ्या राघोत्तमराव करायचे. तंजावरकडून कधीकाळी आलेल्या मराठी घरातले, माध्व. तेव्हा वय असेल पन्नाशीच्या आतबाहेर, पण दिसायचे साठीचे. उंच, वाकलेले, कपाळावर अंगार-अक्षतेची काळी रेघ आणि ठिपका, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खाली लुंगीसारखी नेसलेली वेष्टी. पितळेची नळी आतून आरशासारखी घासायची, तिच्यातून केसाहून बारीक तार ताणायची, हवा काढून घ्यायची, मग ठरलेल्या मापाने आर्गॉन आणि अल्कोहोलची वाफ भरून तोंड काचेने बंद करायचं. दहा नळ्या केल्या तर सहा चांगल्या निघायच्या. प्रत्येक नळीवर सुईने नंबर कोरलेला असे, आणि कुठली नळी कशी वागते ते त्यांना पाठ होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्हीं पुण्याकडच्या काय?"

"मिरजेची," मी म्हणाले.

"सरी. आमचें मराठी तुम्हांस कळतें का?"

कळत होतं. जुन्या पोथीतलं कुणी तमिळच्या चालीवर बोलावं तसं ते होतं. 'पाहिजे' याला ते 'होणा' म्हणायचे, 'झालं'ला 'जाहलें', आणि 'बरं'ऐवजी तमिळ 'सरी'. मला त्या शहरात मराठी बोलणारं माणूस भेटलं याचंच बरं वाटलं. त्यांना विशेष काही वाटलं नसावं. त्यांना कशाचंच विशेष वाटत नसे. सकाळी नऊला यायचे तेव्हाच असे यायचे, की दिवस संपवून आलेत. गच्चीवर जायला चार जिने होते. प्रत्येक वळणावर ते थांबायचे. दम लागायचा म्हणून नाही, पुढचा जिना आहे हे मान्य करायला वेळ घेत असावेत असं वाटायचं.

एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. बारा वाजायला दहा मिनिटं असली की ते हातातलं काम ठेवून निघून जायचे आणि दोन वाजता परत यायचे. दोन तास. कुठे जाता विचारलं तर, "जेवाय." पण त्यांचा जेवणाचा डबा टेबलाखाली असायचा, आणि आल्यावर उभ्याउभ्या ते दहीभात खायचे. तेव्हाचे आमचे प्रोफेसर नारायणस्वामी वृद्ध होते, त्यांनी कधी हटकलं नाही. नळी चांगली होते आहे ना, मग झालं.

सूर्य आणि विश्वकिरण यांचा संबंध मला त्या प्रोफेसरांनीच समजावला. मी विचारलं होतं, सूर्यावर डाग जास्त असले की आपले आकडे का उतरतात, वाढायला नकोत का? ते म्हणाले, हे किरण सूर्याचे नाहीत, फार लांबून येतात, ताऱ्यांच्याही पलीकडून. सूर्य खवळलेला असला की तो वायूचे लोट बाहेर फेकतो, आणि त्या लोटांबरोबर चुंबकत्व वाहत जातं. बाहेरून येणाऱ्या किरणांना ते आडवं येतं. पार्थसारथीच्या देवळाचा रथ निघाला की तिरुवल्लिकेणीच्या पेठेत शिरणाऱ्यांना कोपऱ्यावरूनच परत फिरावं लागतं, तसं. जे अगदी दांडगे असतात तेवढे घुसतात. त्यातून आपण विषुववृत्ताजवळ. इथे पृथ्वीचं चुंबकत्वही जबर, म्हणून दांडगेच पोहोचतात, आणि उतार लहान दिसतो. शंभरात दोन, फार तर चार. "म्हणून नळी चांगली हवी," ते म्हणाले. "नळीच खोटं बोलली तर सूर्याचं काय कळणार?"

१९५९ च्या एप्रिलमध्ये प्रोफेसर निवृत्त झाले आणि केंद्र डॉ. वादिराज यांच्याकडे आलं. वय पस्तिसाच्या आत, परदेशातून शिकून आलेले, हुशार, कामसू. तेही मूळचे तंजावरच्या मराठी घरातले, पण इंग्रजी बोलत, फार तर तमिळ. राघोत्तमराव त्यांच्याशी मराठीत बोलत आणि ते उत्तर इंग्रजीत देत. वाईट माणूस नव्हता. घाईत होता. वर्षअखेर एका परिषदेत निबंध वाचायचा होता आणि त्यासाठी दोन वर्षांचे आकडे एकसारखे, स्वच्छ हवे होते.

मग तो जुलै आला.

तेरा तारखेच्या सोमवारी मी शनिवार-रविवारची फिल्म वाचत होते. शनिवारी, अकराला, रात्री दहाच्या पुढे आकडा उतरायला लागला होता. चोवीस हजार, तेवीस सातशे, तेवीस चारशे. रविवारभर खालीच. मी दोनदा वाचलं. तिन्ही दुर्बिणी एकदमच उतरल्या होत्या. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तिन्हींना वीज एकाच ठिकाणाहून जाते, तिचा दाब घसरला असेल. राघोत्तमरावांनी दाब मोजला. बरोबर होता.

बुधवारी, पंधराला, आकडा सावरतोय म्हणेपर्यंत परत घसरला. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला. आणि शुक्रवारी रात्री, सतराला, तिसऱ्यांदा. सोमवारी मी बेरीज केली तेव्हा शंभरातले सहा गेले होते. दोन वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हां दोघांना बोलावलं. माझे कागद त्यांच्यासमोर होते. त्यांनी बुधवारच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

"दीड वाजता तुम्ही कुठे होता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

राघोत्तमराव म्हणाले, "घरीं गेलों होतों."

"दोनला आल्यावर काय केलंत?"

"दाब पाहिला. बरोबर होता."

"दीडला बरोबर होता का?"

"मी नव्हतों तेव्हां. कसें सांगूं?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या नळ्या मेल्यात, राव. इथल्या उकाड्यात आतलं अल्कोहोल संपतं. दोन वर्षं म्हणजे फार झाली."

"नळी मरते तेव्हां गप बसत नाहीं," राघोत्तमराव म्हणाले. "मरती नळी बडबडते. एका किरणाला चार ठोके देते. आकडा वाढतो, कमी होत नाहीं. आणि तिन्ही दुर्बिणींतल्या सत्तावीस नळ्या एकाच तासाला कशा मरतील?"

हे बरोबर होतं. मला कळत होतं की हे बरोबर आहे. डॉक्टरांनाही क्षणभर ते अडलं, त्यांच्या कपाळावर दिसलं. पण समोरचा माणूस रोज दोन तास गायब होणारा होता, आणि घरी कशाला जातो ते सांगत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत राहिले.

परदेशी नळ्या आधीच मागवलेल्या होत्या, खोक्यात पडून होत्या. त्याच आठवड्यात त्या बसवल्या. आणि झालं असं, की आकडे हळूहळू चढायला लागले. रोज थोडे थोडे, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ मूळ जागी आले. आता मला ठाऊक आहे की अशी घसरण नेहमीच तशी सावरते. सूर्याने फेकलेला लोट पुढे निघून जातो आणि किरण परत वाट काढतात. तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलं ते एवढंच: जुन्या नळ्या काढल्या, नव्या घातल्या, आकडे सुधारले. याच्यापुढे कोण काय बोलणार?

राघोत्तमरावांची रवानगी तळमजल्यावर रसायन विभागाच्या काचसामानाच्या भांडारात झाली. बरण्या मोजायच्या आणि द्यायच्या.  आपली सुई आणि मऊ कापड तेवढं घेऊन गेले. मला डॉक्टरांनी सांगितलं, जुलैच्या त्या दिवसांचे आकडे एक पूर्णांक शून्य सहाने गुणा, म्हणजे मालिका सरळ होईल. मी मूळ कागद बाजूला ठेवले, नवे आखले आणि गुणले. तीन दिवस लागले. सुंदर अक्षरात.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी ते चार जिने चढून माझ्याकडे आले. हातात पोस्टकार्ड होतं. त्यांनी कोडईकनालच्या वेधशाळेला आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं की अमुक अमुक तारखांना सूर्याने काही केलं होतं का. कुणा सभ्य माणसाने उत्तर पाठवलं होतं. त्या दिवसांत इथे ढग होते, पण दुसरीकडून सूर्यावर मोठे स्फोट झाल्याच्या तारा आल्या होत्या. आणि अकराच्या रात्री, पंधराच्या दुपारी दीडला आणि सतराच्या रात्री आमच्या चुंबकसुया जोराने हलल्या. खाली सही होती.

"हें साहेबांस द्या," ते म्हणाले. "मी नेलें तर ते हातांत घ्यायचे नाहींत. तुम्हीं कागदांत घालून द्या."

मी "हो" म्हणाले.

आणि मी ते दिलं नाही. खणात ठेवलं. उद्या देऊ, म्हणाले. गुणाकार माझ्या हातचा होता, निबंध टाइपाला गेला होता, आणि माझी नोकरी दर सहा महिन्यांनी वाढवून मिळायची. ही काही कारणं नव्हेत, हे तेव्हाही कळत होतं. ऑक्टोबर गेला. जिन्यात एक-दोनदा ते समोर आले, थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. पुढे पुढे थांबेनासे झाले.

डॉक्टर डिसेंबरात निबंध वाचून आले. फेब्रुवारीत निरनिराळ्या देशांतल्या केंद्रांचे आकडे एकत्र छापलेलं जाडजूड पुस्तक टपालाने आलं. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. जुलैचं पान उघडं होतं. कुठली कुठली गावं, उत्तरेकडची, दक्षिणेकडची. सगळीकडे अकरा, पंधरा, सतरा. उत्तरेकडे तर शंभरातले तीसच्या घरात गेले होते. पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली ती रेघ मी लगेच ओळखली. फक्त आमच्या मालिकेत ती नव्हती.

"मूळ आकडे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी कागद आणले, आणि वर पोस्टकार्ड ठेवलं. त्यांनी ते वाचलं. उलटून तारीख पाहिली. परत वाचलं.

"हे माझ्याकडे का आलं नाही?"

"मी दिलं नाही."

त्यांनी पोस्टकार्ड मूळ कागदांवर परत ठेवलं. मग मराठीत बोलले. मी त्यांच्या तोंडून मराठी पहिल्यांदाच ऐकत होते. लहान मुलाने आजीशी बोलावं तसं ते मराठी होतं, तेवढंच त्यांच्याकडे उरलं असावं. "दिलें असतें तरी मी घेतलें असतें का, मज ठाऊक नाहीं," ते म्हणाले. "त्यांना वर बोलावून आणा."

भांडारात राघोत्तमराव नव्हते. बारा वाजून गेले होते. शिपायाने घराची गल्ली सांगितली. मी चालत निघाले.

तिरुवल्लिकेणीत देवळामागच्या बोळात, एका लांबट घरातली मागची खोली. दार उघडंच होतं. आत बाजेवर एक बाई पडलेली होती, बारीक, गोरी, केस नीट विंचरलेले. उजवं अंग लुळं. छपरात उजेडासाठी काचेचं एक कौल होतं, आणि त्यातून भर दुपारचं ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर पडलं होतं. शेजारी एक तमिळ म्हातारी पाण्याचं भांडं तिच्या तोंडाशी धरून बसली होती आणि ती मान फिरवत होती.

"ऊन," ती म्हणत होती. "ऊन. ऊन."

म्हातारीने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माझं तमिळ तोवर कामापुरतं झालं होतं. ती म्हणाली, ही रोज असं करते. 'उन', 'उन' म्हणते. आमच्यात 'उन' म्हणजे तुझं. तुझं, तुझं म्हणते, पण माझं काय ते पुढे सांगत नाही.

मी बाज धरून हातभर सरकवली. बाईने डोळे उघडले. डाव्या हाताने माझा पदर धरला आणि म्हणाली, "कोण गे तूं? कुंभकोणमची काय?"

मी मराठीत उत्तर दिलं. ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. पाठीला चादरीची घडी टोचते. काल ताक आंबट होतं. ते अजून का आले नाहीत.

एवढ्यात राघोत्तमराव आले. घामाने निथळत, हातात भाजीची पिशवी. भांडारात कुणीतरी बरण्या घ्यायला आलं होतं म्हणून उशीर झाला होता. मला बघून ते दारातच थांबले. मग त्यांनी बायकोला कुशीवर वळवलं, घडी सरळ केली, भात कालवला आणि घास घास भरवला. ते सगळं आवरेपर्यंत मी बाहेर ओट्यावर बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सहा वर्षांपूर्वी महालक्ष्मीबाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली. वर्षभराने परत आली ती नुसती घरातली मराठी. जन्म मद्रासमध्ये गेला, तमिळ पाण्यासारखं बोलायच्या, ते सगळं पुसलं गेलं. शेजारची कोमलम्माळ भली, ती दिवसभर बसते, पण एकीचं एकीला कळत नाही. म्हणून मधल्या वेळी यावंच लागतं. चारला उठून स्वयंपाक, तिची आंघोळ, मग कॉलेज. मुलगी होती, लग्न होऊन जमशेदपूरला.

"हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगूं? बायकोस मुतायला बसवाय जातों असें?"

मी त्यांना पुस्तकाचं सांगितलं. सगळ्या जगात त्याच तासाला उतार पडला होता हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "सरी" म्हणाले. मग बराच वेळ ते भिंतीला डोकं टेकून बसले. मला वाटलं झोप लागली.

"जुलैत कोणी म्हटलें असतें तर बरें वाटलें असतें," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आतां काय, बरण्यांची संवय जाहली."

मग मी पोस्टकार्डाचं सांगितलं. ते सांगणं भाग होतं. मी खणात ठेवलं होतं, भीती वाटली म्हणून.

"दोन महिने मी वाट पाहिली," ते म्हणाले. "जिन्यांत पावलें वाजलीं कीं वाटायचें बोलावणें आलें. मग सोडून दिलें." थोड्या वेळाने म्हणाले, "मज राग नाहीं, बाई. रागास जोर लागतो."

त्यांनी क्षमा केली असं मी कधी म्हणणार नाही. तो विषय त्यांनी परत काढला नाही, एवढंच.

डॉक्टर दोनदा भांडारात जाऊन आले. दोन्ही वेळा राघोत्तमराव उभे राहिले आणि "नको" म्हणाले. चार जिने नकोत. मे महिन्यात परदेशी नळ्या बडबडायला लागल्या. आकडा एका तासात तीस हजार, पुढच्या तासात बावीस. नव्या मागवायच्या तर आयातीचा परवाना यायलाच वर्ष जाणार. तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, मला मधले दोन तास बाहेर बसून काम करू द्या. फिल्म वाचायला टेबल हवं, पण बेरजा-दुरुस्त्या कुठेही होतात. मी महालक्ष्मीबाईंजवळ बसेन. राघोत्तमरावांना वर येता येईल.

ते लगेच हो म्हणाले. राघोत्तमरावांनी हो म्हणायला पंधरा दिवस घेतले. "कोणावर भरंवसा ठेवाय लागला कीं परत थकायचें," असं काहीतरी म्हणाले. मग एका सोमवारी, कोमलम्माळला ताप आला होता म्हणून, त्यांनी मला बोलावलं. तेव्हापासून ती रीत पडली.

सव्वादोन वर्षं मी रोज दुपारी त्या खोलीत कागद घेऊन बसले. बाज सरकवायची, कुशीवर वळवायचं, भरवायचं. बाई मला कधी कुंभकोणमची वहिनी समजायच्या, कधी मुलगी. मी बेरजा पुटपुटायचे त्या ऐकत पडून राहायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "हातचा घेतलास काय?" दोनदा खरंच राहिला होता. माझीही पाठ दुखायला लागली. संध्याकाळी घरी जाऊन परत स्वयंपाक. यजमान काही बोलत नसत, पण पानावर भात गार असला की न जेवता उठत. या कामात पुण्य वगैरे काही वाटायचं नाही. कंटाळा यायचा, आणि जावं लागायचं.

वर गच्चीवर राघोत्तमराव परत नळ्या भरू लागले. आता हात थोडा कापायचा, दहातल्या चारच चांगल्या निघत. तरी ऑक्टोबरपर्यंत तिन्ही दुर्बिणी त्यांच्या नळ्यांवर चालू झाल्या. १९६० च्या नोव्हेंबरात सूर्य परत खवळला. बारा तारखेपासून आकडा उतरू लागला. या वेळी डॉक्टरांनी स्वतः येऊन विचारलं, "राव, हे खरं आहे ना?"

"नळ्या ठीक आहेत," राघोत्तमराव म्हणाले. त्यांनी आठवडाभर वर असताना दर तासाला विजेचा दाब मोजून वहीत लिहिला होता आणि प्रत्येक ओळीपुढे सही केली होती. ती वही त्यांनी डॉक्टरांपुढे उघडी ठेवली. मग डबा घेऊन सावलीत जाऊन जेवले. डॉक्टर ती सह्यांची पानं उलटत उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी परिषदेला दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि जुलैचे मूळ आकडे छापायला पाठवले. गुणलेले कागद मी स्वतः फाडले.

महालक्ष्मीबाई १९६२ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. झोपेतच, पहाटे. सगळं आटोपल्यावर राघोत्तमराव दोन आठवडे आले नाहीत. मी पाहायला गेले तर कोमलम्माळ म्हणाली, निजलेत. दुसऱ्या दिवशी गेले, निजलेलेच. तिसऱ्या खेपेला उठून बसले. डोळे सुजलेले, चेहरा मात्र जरा भरलेला. "आठ-नऊ वर्षांची नीज आहे, बाई," ते म्हणाले. "संपत नाहीं." नंतर कामावर आले, पण फार दिवस नाही. वर्ष संपायच्या आत निवृत्ती घेतली आणि भावाकडे कुंभकोणमला गेले.

त्या वर्षांत सूर्य निवत चालला होता. डाग कमी होत गेले, मग महिने महिने एकही नाही. आमचे आकडे वर चढत होते. इतके सावकाश की रोज लिहिणाऱ्याला कळत नसे. वर्षाची सरासरी काढली की दिसे. बासष्टला थोडे वर, त्रेसष्टला आणखी, पासष्टच्या सुरुवातीला सगळ्यांत वर. बाहेरून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली होती. डॉक्टरांनी आठ वर्षांची रेघ एका लांब कागदावर काढून भिंतीला लावली. डाव्या बाजूला खोल, उजवीकडे चढत गेलेली. जुलै एकोणसाठची ती खाच त्यात करंगळीच्या नखाएवढी दिसायची.

पासष्टच्या मार्चमध्ये राघोत्तमराव पेन्शनच्या कुठल्या कागदावर सही करायला मद्रासला आले होते. सकाळीच वर आले. अजूनही प्रत्येक वळणावर थांबत. मी त्यांना खुर्ची दिली आणि भिंतीवरचा कागद दाखवला. ते उठून जवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं, रेघेवरून बोट फिरवत उजव्या टोकापर्यंत आले.

"आतां किती?" त्यांनी विचारलं.

मी कालचा आकडा सांगितला.

"कोणाच्या नळ्या?"

"पहिल्या दुर्बिणीत तुमच्या पाच अजून आहेत. बाकीच्या दुसऱ्या."

त्यांनी मान हलवली आणि येऊन खुर्चीत बसले. मी माझ्या ओळी लिहीत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर मान छातीवर पडून ते झोपले होते, तोंड किंचित उघडं. डॉक्टर काही विचारायला आत आले. त्यांना बघून दारातच थांबले, मग आवाज न करता निघून गेले.

चारच्या सुमाराला मी त्यांना उठवलं, कारण पाचची बस होती. "किती वेळ निजलों?" त्यांनी विचारलं. बराच वेळ, मी म्हणाले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, छत्री घेतली आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

पुढच्या वर्षी यजमानांची बदली हुबळीला झाली आणि मीही ते काम सोडलं. कुंभकोणमला मी एकदा पत्र टाकलं होतं. उत्तर त्यांच्या भावाचं आलं, तमिळमध्ये: प्रकृती ठीक आहे, दुपारी झोपतात, तुमची आठवण काढतात. शेवटचं वाक्य खरं होतं की रीतीचं, मला सांगता येत नाही.